चाळीस संगिनी आणि एक बंब

दरवर्षी एका रविवारी आम्ही गिरणीची लढाई लढतो. सव्वादोनशे वर्षांपूर्वी ती गावाबाहेरच्या याच माळावर झाली. निळ्यांनी तांबड्यांना गिरणीपर्यंत रेटलं असं कागदपत्रांत आहे, म्हणून आम्हीही रेटतो. साडेदहाला तोंड लागतं, सव्वाअकराला तांबडे शरण येतात, बाराला जेवण. मूळ लढाईत जेवणाची सोय नव्हती. तेवढी एक सुधारणा आम्ही केली.

माझे साडू घड्याळजी. अकरा वर्षं ते पहिल्याच फैरीत मरत आले, पण मरायचे मन लावून. यंदा झेंडा धरणाऱ्याने गुडघा बदलून घेतला आणि झेंडा साडूंकडे आला. झेंडा जाईल तिकडे फौज जाते, हा आमचा पहिला नियम. दुसरा ग्रंथपाल बाईंचा: त्या काळी नव्हतं ते अंगावर नको. त्या फाटकाशी टोपली घेऊन उभ्या राहतात, कोटाची बटणं मोजतात आणि मनगटी घड्याळं, मोबाइल, चष्मे काढून घेतात.

साडूंचा नंबर उणे सात. घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग त्यांना नुसत्या डोळ्यांनी दिसते. दहा हातांवरचा हत्ती दिसत नाही. मेलेल्याला डोळे लागत नाहीत, म्हणून अकरा वर्षं निभावलं. आता हे फुटलं असतं तर सेनापतींनी त्याच मिनिटाला झेंडा काढून घेतला असता. सेनापती म्हणजे आमचे दंतवैद्य. काढून घेण्यात त्यांचा हात चांगला बसलेला आहे.

हे गुपित फक्त माझ्या मेहुणीला ठाऊक होतं. तिने महिनाभर घरामागच्या गल्लीत नवऱ्याची कवायत घेतली, हे मलाही नंतर कळलं.

"एकशेवीस पावलं, नाकासमोर," ती म्हणायची. "लाल दिसलं की तो शत्रू. विचार करत बसू नका, तो तुम्हाला कधी मानवलेला नाही."

सत्तराव्या पावलाला तोफ उडाली, धूर पसरला, आणि साडूंचा पाय एका बिळात गेला. ते पडले नाहीत, झेंडाही पडू दिला नाही. फक्त गिरकी घेऊन उभे राहिले. समोर काहीतरी लाल होतं. साडूंनी आरोळी ठोकली आणि चाळीस संगिनी त्यांच्या मागून सुटल्या.

लाल होता तो अग्निशमन दलाचा बंब. आम्ही दारू उडवतो म्हणून तो दरवर्षी कडेला उभा असतो. चालक पायरीवर बसून डबा खात होता. त्याने दोन्ही हात वर केले; एकात वाटी होती. सेनापतींनी रीतसर त्याची शरणागती स्वीकारली. तिकडे गिरणीपाशी हरायला तयार बसलेले तांबडे अर्धा तास वाट बघून कंटाळले आणि त्यांनी स्वतःलाच विजयी जाहीर केलं.

चार वाजता दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत चौकशी बसली. भिंतीवर किडलेल्या दाढेचं मोठं चित्र, त्याखाली पराभूत फौज. साडू मधल्या खुर्चीवर होते, झेंडा मांडीवर. मेहुणी शेजारी बसली होती.

"घड्याळजी," सेनापती म्हणाले, "सव्वादोनशे वर्षांत निळे हरले नव्हते. काय झालं काय?"

साडू उभे राहिले. "मला दिसत नाही. चष्मा काढला की पुढे सगळं दूध. आधी सांगितलं असतं तर झेंडा मिळाला नसता, म्हणून बोललो नाही. हा घ्या."

झेंडा पुढे आला, पण घेईना कुणीच. मग बेकरीवाला खाकरला.

"मी यांच्या मागेच होतो. मला कुठे बंब दिसला? झेंडा दिसत होता, तोही अंधुक."

"मला तर याची पाठच दिसत होती," वकील म्हणाले. "पाठ ऐसपैस आहे, तेवढ्यावर भागतं."

मीही हात वर केला. बघता बघता एकतीस हात वर झाले. शेवटी सेनापती हळूच म्हणाले, "मी त्या चालकाला युद्धकैद्यांचे हक्क समजावून सांगितले. तांबड्यांचा सरदार यंदा बारीक झाला, एवढंच वाटलं मला."

खोलीत जो हशा पिकला, त्याने आतल्या खुर्चीतला पेशंट आ वासलेलाच बाहेर आला.

"पण त्या काळी चष्मे होते की," ग्रंथपाल बाई शांतपणे म्हणाल्या. "मेलेल्या निळ्यांच्या सामानाची यादी आहे माझ्याकडे. एकोणीस चष्मे. गोल काचा, डोक्यामागे दोरी."

"मग टोपलीत का टाकता हो?" बेकरीवाल्याने विचारलं.

"पहिल्या वर्षी डॉक्टर आरशासारखा गॉगल लावून आले. सेनापतींना एकट्यांना कसं सांगायचं? म्हणून सगळ्यांचेच घेतले."

"आणि पुढची पंधरा वर्षं?"

"कुणी तक्रारच केली नाही. मला वाटलं, छान दिसतंय सगळ्यांना."

सेनापतींनी पुढे आलेला झेंडा परत साडूंकडे सरकवला. "झेंडा तुमच्याकडेच ठेवा, घड्याळजी. गोल काचांचा चष्मा करायला टाका. माझाही एक सांगा."

साडू मटकन खाली बसले. मेहुणीने आधी त्यांच्या कोटाचं वरचं बटण सोडलं, मग स्वतःचे डोळे पुसले आणि म्हणाली, "महिनाभर जेवले नाहीत हो धड."

परतताना गाडी मी चालवत होतो. मागच्या सीटवर साडू तोंड उघडं टाकून घोरत होते, आणि झेंडा खिडकीतून हातभर बाहेर आला होता.

"हळू घ्या, भाऊजी," मेहुणी म्हणाली. "कितीतरी दिवसांनी झोपलेत."