डाव्या दिव्याची कबुली

मी दिवा बोलतोय. देवघरातला नव्हे, तेवढं माझं पुण्य कुठलं! पॅसिफिक समुद्रातल्या टोंगा बेटांवरच्या एका म्हाताऱ्या पांढऱ्या गाडीचा मी पुढचा डावा दिवा. आणि सांगायचंय तेही कौतुकाचं नाही. माझ्या आडोशाने एका बाईचे डोळे गेले. मी घालवले नाहीत, पण ते अंधारत होते तेव्हा सगळे माझ्याकडेच बघत राहिले. मला तोंड नाही, म्हणून गप्प बसलो.

जन्म माझा जपानातला. तिकडच्या मालकाचं मन भरलं तशी गाडी बोटीत चढली आणि इथे बंदरावर उतरली. सेमिसीने आम्हाला घरी आणलं. हा कोनफळं आणि अळू लावणारा शेतकरी, हाताने सरळ, जिभेने तिखट. त्याची बायको लुपे केवड्याच्या पातीच्या चटया विणायची. पहिल्याच दिवशी तिने माझ्या काचेला खोबरेल चोळलं.

"अगं, दिवा आहे तो, जावई नाही!" सेमिसी हसला.

"असू दे. लांबून आलाय बिचारा," ती म्हणाली.

त्या तेलावर आठवडाभर धूळ बसली, पण इतक्या मायेने मला कुणी हात लावला नव्हता.

पुढे वर्षं गेली. समुद्राचा खारा वारा, वरून ऊन. काच पिवळी पडली, नजर उतरली. एका संध्याकाळी शेतावरून येताना पाद्रीबाबांची डुकरीण गाडीखाली येता येता वाचली. "दिवा मंद झालाय रे," शेजारी बसलेली लुपे म्हणाली. "मला तर रस्ताच दिसला नाही." सेमिसीलाही ते पटलं.

खोटं नव्हतंच ते. मी खरोखर मंद झालो होतो. तेच तर वाईट झालं.

शनिवारी दुरुस्ती निघाली. रविवार देवाचा, त्या दिवशी इथे खिळासुद्धा ठोकत नाहीत, म्हणून जे करायचं ते शनिवारी, सूर्य बुडायच्या आत. आणि दिव्याच्या कामाला दोन माणसं लागतात. सेमिसी बॉनेट उघडून आत डोकं घालायचा, लुपे माझ्यासमोर उभी राहायची. बॉनेटच्या आडून त्याला मी दिसत नसे. ती सांगेल ते खरं.

त्याने बल्ब बदलला. "आता?"

"मंदच."

काचेला टूथपेस्ट लावून घासलं, मग पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरने. पिवळेपणा गेला. "आता?"

"थोडा बरा. पण मंदच."

असे चार-पाच महिने गेले. मधल्या काळात तिची चटई चुकायला लागली. एक पात वर जायची तिथे खाली. बायका हसल्या तर म्हणायची, "घरातले दिवेपण त्या गाडीसारखेच झालेत मेले!" आणि सगळ्या पुन्हा हसायच्या.

मला मात्र एक गोष्ट ठाऊक होती. माझ्यासमोर कुणीही आलं की डोळे बारीक करतं, तोंड फिरवतं. डुकरंसुद्धा फिरवतात. लुपेही फिरवायची. हळूहळू तिने फिरवणं सोडलं. मी रोज बघत होतो. सांगणार कसं?

मग तो शनिवार आला. सेमिसीने बॅटरीवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुतली. तरी समाधान होईना. शेवटी त्याला माझी ती तार सापडली, जी गाडीच्या पत्र्याला बोल्टने जोडलेली असते. बोल्टखाली गंजाचा थर! पत्रा चकचकीत होईस्तोवर त्याने तो खरवडला, बोल्ट आवळला, इंजिन चालू केलं. काय सांगू, अंगात वीज आली! जपान सोडल्यापासून असा पेटलो नव्हतो.

"आता बोल!"

"तसाच आहे रे," लुपे म्हणाली.

त्याने पुन्हा बोल्ट सोडला, पुन्हा घासला, पुन्हा आवळला. "आता?"

"तसाच."

"डोळे फुटलेत का तुझे?" सेमिसी ओरडला.

तेवढ्यात फाटकातून शेजारचा माका आत आला आणि दोन्ही हात तोंडावर धरून थबकला. "अरे बंद कर तो! आंधळा करतोस की काय मला?"

सेमिसी बॉनेटच्या मागून पुढे आला. लुपे माझ्यापासून दोन हातांवर उभी होती. माझा सगळा उजेड तिच्या चेहऱ्यावर, आणि ती पापणीही न हलवता सरळ माझ्याकडे बघत होती. त्याच्या हातातला पाना खाली पडला.

सोमवारी ते राजधानीच्या दवाखान्यात गेले. रक्तातली साखर डोळ्यांत उतरली होती. चार-पाच महिने आधी आला असतात तर बरंच वाचवता आलं असतं, डॉक्टर म्हणाले. ते चार-पाच महिने माझी काच घासण्यात गेले होते. वर्षाच्या आत तिला काहीच दिसेनासं झालं.

आता मी पुरता म्हातारा आहे, पण जळतो लख्ख. कुणाला दाखवू? सेमिसी घरात 'डोळे' हा शब्द उच्चारत नाही. त्या ओरडण्याबद्दल त्याने माफी मागितलेली मी तरी ऐकली नाही. तुम्हाला एवढंच सांगतो, बाबांनो. घरातलं कुणी दिवा मंद आहे म्हणालं तर दिवा जरूर बघा, पण आधी म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे बघा.

आजही दर शनिवारी, सूर्य बुडायच्या आत, सेमिसी तिचा हात धरून तिला माझ्यासमोर आणून उभं करतो आणि बॉनेट उघडतो.

"लागला का गं?"

लुपे चाचपडत पुढे येते आणि तळहात माझ्या काचेवर ठेवते. तिला ऊब लागेपर्यंत दोघंही थांबतात.

"लागला," ती म्हणते. "छान लागलाय."

मग सेमिसी खाली वाकतो आणि मुळात ढिला नसलेला तो बोल्ट पुन्हा एकदा आवळत बसतो.