एका खुर्चीचं टेबल

मी एक जुनं टेबल आहे, मित्रांनो, आणि माझ्या वाट्याला खुर्ची एकच. हसू नका. मला बनवणारा सुतारही हसला होता. "मालक, एवढंसं? यावर दोन ताटं तरी मावतील का?" असं त्यानं विचारलं होतं.

"दोन मावायलाच नकोत," मालक म्हणाले.

आमच्या हॉटेलाचे हे म्हातारे मालक तरुणपणी पाण्याचे पंप विकत गावोगाव फिरले होते. कामासाठी फिरणाऱ्या माणसाला काय हवं असतं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. सकाळी लवकर गरम पाणी, इस्त्रीचा शर्ट, कामापुरता उजेड आणि शांत झोप. एवढं कुठलंही बरं हॉटेल देतं. पण मालक म्हणत, "दिवसभर परक्यांशी गोड बोलून जीव विटतो. त्यात संध्याकाळी रिकाम्या खुर्च्यांच्या घोळक्यात बसवलं, की घास उतरत नाही." म्हणून त्यांनी मला खिडकीपाशी, भिंतीला लागून ठेवलं.

काय दिवस होते ते! औषधं विकणारे, यंत्रं दुरुस्त करणारे माझ्याखाली बूट काढून निवांत बसायचे. हिशेब तपासायला येणाऱ्या एक मॅडम तर पाण्याच्या बाटलीला फोन टेकवून लेकीशी बोलत जेवायच्या. "भाजी बाजूला सारलीस ना? मला दिसतंय हं!" मला फार बरं वाटायचं.

मग कारभार मुलाकडे आला. मुलगा वाईट नव्हता, पण त्याला सगळं मोठं हवं. दारात कारंजं आलं, जेवणघरात आठ-आठ खुर्च्यांची टेबलं आली. "बाबा, एका खुर्चीवर धंदा चालतो का?" म्हणत त्यानं मला जिन्याखाली, रंगाच्या डब्यांशेजारी ढकललं. म्हाताऱ्या मालकांनी त्याला अडवलं नाही. मला त्यांचा राग आला, खोटं कशाला बोलू?

हळूहळू नेहमीची माणसं जेवण खोलीवर मागवू लागली. पुढे पुढे तर येईनाशीच झाली. कारंजं उडत होतं, पण खोल्या ओस. अशात त्या मॅडमच्या कंपनीनं आपली सगळी माणसं एकाच हॉटेलात उतरवायचं ठरवलं, आणि निवड मॅडमवर सोपवली. ते काम मिळालं तर हॉटेल तगणार होतं, नाहीतर विकावं लागणार होतं.

मॅडम आल्या. मुलानं त्यांना मधोमध, सगळ्यांत मोठ्या टेबलावर बसवलं. फुलं मांडली, दोन वेटर दिमतीला उभे केले. जिन्याखालून मला सगळं दिसत होतं. मॅडमनी फोन काढला, इकडेतिकडे पाहिलं आणि परत पर्समध्ये ठेवला. भराभर जेवून उठल्या.

"काही कमी पडलं का, मॅडम?" मुलानं विचारलं.

"नाही हो, सगळं छान होतं. फक्त मी एकटी जेवते, हे इथे आज पहिल्यांदा जाणवलं."

ते काम दुसरीकडे गेलं. हॉटेल विकलं गेलं. सामान गेलं, कारंजंही गेलं. मुलानं फक्त मलाच घरी आणलं, स्वतः पुसलं. आता म्हातारे मालक माझ्यापाशी जेवतात. मुलगा स्टूल ओढून शेजारी बसतो.

मित्रांनो, तुमच्या दारी कुणी एकटं आलं, तर मोठेपणा मिरवू नका. आधी विचारा, "कुठे बसता?" आमच्याकडे एवढंच विचारायचं राहून गेलं.