चमकीची टिकली

दारव्ह्याच्या बशीरभाईंच्या स्टुडिओत न नेलेले फोटो एका बिस्किटाच्या डब्यात पडून असत. फोटो काढून घ्यायची लोकांना हौस फार, न्यायला मात्र सवड नसते. कॉलेज सुटलं की प्रियंका तो डबा मांडीवर घेऊन बसायची, एखादा अनोळखी चेहरा उचलायची आणि घरी जाऊन त्याच्यावर गोष्ट लिहायची. पोरीचा हात मोठा सढळ. कुणाला परदेशी गेलेला मुलगा दिला, कुणाला चोरून केलेलं प्रेम. ज्यांना दिलं त्यांना पत्ताच नव्हता, मग तक्रार कोण करणार?

एकदा तिच्या हाती एका बाईचा फोटो आला. कपाळ मोकळं, नजर थेट समोर. कापसापायी शेतकरी जीव देत होते, ती ही वर्षं. पेपरात बाईचं मोकळं कपाळ दिसलं की खाली काय लिहिलंय ते वाचावं लागत नसे. प्रियंकानेही फार डोकं चालवलं नाही. बाईला गंगी नाव दिलं, तिच्या नवऱ्याला कामासाठी परमुलखात धाडलं आणि तिथेच मारून टाकलं. लिहिताना ती स्वतः रडली, त्यामुळे गोष्ट झकास उतरली अशी तिची खात्रीच पटली. रविवारच्या पुरवणीत ती फोटोसकट छापून आली. आईने पेढे वाटले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी स्टुडिओच्या दारात तीच बाई उभी राहिली. कपाळावर मोठी लाल चमकीची टिकली, हातभर नव्या हिरव्या बांगड्या आणि मनगटावर काचेचे ओरखडे. मागे एक धिप्पाड माणूस अवघडून उभा होता.

"गोष्टी लिवते ते पोरगी हेच काय?"

प्रियंका डबा घेऊनच उठली.

"मी पंचफुला. अन् हे माहे मालक. जित्ते हायेत, पाहून घे."

तिचा नवरा आदिलाबादकडे कापसाच्या जिनिंगवर कामाला गेला होता. गावच्या किराणा दुकानात कुणीतरी पेपर उघडला. फोटो पंचफुलाचा, नवरा परमुलखात मेलेला. नाव तेवढं गंगी. पण पेपरवाले नावं चुकवतातच, असं सगळेच म्हणाले. बाया रडत तिच्या घरी आल्या.

"मलेबी खरंच वाटलं," पंचफुला म्हणाली. "आमचा फोटो पेपरात नाही तं कायले छापतेत? बांगड्या फोडल्या न मी. हे घरी आले, तं सासू भूत समजून वरडली."

नवरा हसला. पंचफुला हसली नाही.

"ती नुसती गोष्ट होती, मावशी. तुमचं कपाळ पाहून मला वाटलं..."

"टिकली या भाईनंच काढाले लावली होती. ते पाह्य, तिथंच राह्यली."

आरशाच्या कडेला टिकल्याच टिकल्या चिकटल्या होत्या. चमकीच्या टिकलीवर फ्लॅश पडला की फोटोत पांढरा डाग येतो, म्हणून बशीरभाई प्रत्येक बाईला ती काढायला लावत. प्रियंकाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. इथेच काढलेल्या तिच्या ओळखपत्राच्या फोटोतही कपाळ मोकळंच होतं. तिला दुःख हवं होतं, म्हणून दुःख दिसलं. तिने डबा खाली ठेवला.

"चुकलं माझं. पेपरात माफी छापायला सांगते."

"माफी कोन वाचते? फोटोच पायतेत सारे." पंचफुला स्टुलावर बसली आणि तिने नवऱ्याला ओढून शेजारी उभं केलं. "काढा भाई."

"टिकली चमकंल, बहेन," बशीरभाई सवयीने म्हणाले.

"चमकू द्या. हा छाप, पोरी. खाली दोघायची नावं लिव, बाकी काही लिवू नको."

"मावशी, यांचं नाव?"

नवरा बोलायला गेला, पण पंचफुलाने त्याला हाताने थांबवलं. लग्न झाल्यापासून तिने त्याचं नाव कधी तोंडाने घेतलं नव्हतं.

"उकंडा," ती मोठ्याने म्हणाली. "नीट लिव. चुकवू नको."

उकंडा तिच्याकडे पाहतच राहिला आणि तेवढ्यात फ्लॅश पडला. पुरवणीच्या संपादकांना तो फोटो बिघडलेला वाटला. बाईच्या कपाळावर डाग आणि माणूस समोर बघतच नाही. दुसरा पाठवा, म्हणाले. प्रियंकाने दुसरा पाठवला नाही. हाच छापा, नाहीतर यापुढे माझ्या गोष्टी नकोत, असं तिने कळवलं. रविवारी तो छापून आला. खाली नावं होती, दोन्ही बरोबर.