गोळीला न मरणारे

बावीस वर्षं तो धान्याच्या गोदामांत विषारी धुरी देत होता. पोत्यांच्या थप्पीवर ताडपत्री घालायची, कडेने वाळूच्या पिशव्या दाबायच्या, आत गोळ्या ठेवायच्या. गोळ्यांतून वायू सुटायचा आणि आठवड्याभरात कीड मरायची. सगळे त्याला गोळीवालाच म्हणत.

त्या वर्षी आठव्या दिवशी त्याने ताडपत्री उचलली, तर गव्हावर सोंडे चालत होते. सावकाश, आपल्याच घरात फिरावं तसे.

रविवारी मेहुणा जेवायला आला. तो शाळेत विज्ञान शिकवायचा.

“मास्तर, किडे बदललेत,” गोळीवाला म्हणाला. “दरवर्षी जे तगले, त्यांचीच पिलावळ आता उरलीय.”

“दाजी, उत्क्रांती अशी डोळ्यांदेखत होत नसते. हजारो वर्षं लागतात. तुमची ताडपत्री कुठेतरी फाटली असेल.”

गोळीवाल्याने हातातला घास खाली ठेवला. आजवर त्याच्या कामाला कुणी नावं ठेवली नव्हती.

“अरे, लहान मुलांसारखे भांडताय काय?” बायको म्हणाली. “माझ्या डब्यातल्या गव्हालाही सोंडे लागलेत. त्यांनी गोळी कधी पाहिली नाही. इथले आणि तिथले एकाच पिंपात कोंडा, धुरी द्या आणि बघा.”

मास्तरांनी एक अट घातली. गोदामातले किडे विषाला सरावलेले असतील, म्हणून त्यांची पिल्लं घ्यायची, वायूचा वासही न लागलेली. मग दोन बरण्यांत स्वच्छ गहू भरला, किडे सोडले, दाण्यांत अंडी घातली गेल्यावर, आठवड्याने, ते चाळून काढले आणि वाट पाहिली. दीड महिन्याने दोन्हींत नवे सोंडे दिसू लागले. प्रत्येकी शंभर मोजून दोन कापडी पुरचुंड्यांत बांधले आणि गोदामामागच्या मोकळ्या जागेत एकाच पिंपात धुरी दिली.

आठवड्याने पिंप उघडून, वारं लागू देऊन मास्तरांनी पुरचुंड्या सोडल्या. घरचे शंभरच्या शंभर मेले होते. गोदामवाल्यांपैकी एकाहत्तर चालत होते. मास्तरांनी पुन्हा मोजले. एक सोंडा त्यांच्या नखावर चढला, तसा त्यांनी हात झटकला आणि पँटला पुसला.

“दाजी, हे जन्मतःच असे आहेत,” ते हळूच म्हणाले. हरल्याचं त्यांना काही वाटलं नाही. ते घाबरले होते.

दोघं गोदामाच्या मॅनेजरकडे गेले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “किडे शहाणे झाले म्हणून मी गोदामाला टाळं लावू? गोळ्या दुप्पट करा.”

“साहेब, भिंतीपलीकडे हमालांची खोली आहे.”

“मग त्यांना बाहेर बसवा.”

गोळीवाल्याने नकार दिला. मॅनेजरने दुप्पट गोळ्या ठेवायला दुसरा माणूस आणला. पाचव्या दिवशी एक हमाल डबा आणायला त्या खोलीत गेला आणि तिथेच ओकत कोसळला. तो वाचला, पण पोतं उचलायची ताकद त्याच्यात पुन्हा आली नाही. थप्पी उघडली, तर पोत्यांच्या शिवणींतून सोंडे बाहेर येत होते. आधीइतके नव्हते, पण होते. माल तसाच ट्रकांत भरून गावोगाव गेला.

महिन्याने गोळीवाल्याला दूरच्या एका गोदामातून फोन आला. तिकडचा माणूस त्याच्याच धंद्यातला होता. आवाज दमलेला होता.

“दादा, तुमच्याकडच्या मालात काय आहे? मरतच नाहीत.”

“गोळ्या वाढवू नका,” गोळीवाला घाईने म्हणाला.



“कालच वाढवल्या,” तो माणूस म्हणाला.