दोनशे चौदाव्या ओळीवर काहीच नव्हते

मित्रांनो, माझ्या अंगावर गंज चढलेला नाही, माझा रंगही उडालेला नाही, तरी मी एक जुना पार्सर आहे, हे खरे माना. मी संगणकाच्या पोटात राहणारा एक छोटासा प्रोग्राम. माणसांनी लिहिलेला मजकूर ओळीओळीने वाचायचा, त्याची फोड करायची आणि तो नियमाप्रमाणे असेल तरच पुढे यंत्रांकडे पाठवायचा, हे माझे काम. नियम मोडला असेल तर मजकूर अडवायचा आणि चूक सांगायची. अडवण्यात मी पहिल्या दिवसापासून पटाईत होतो. सांगण्यात मात्र मी पार कच्चा होतो, आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

माझा जन्म एका अंडी उबवणी केंद्रात झाला. लांबट खोली, भिंतीला लागून माणसाहून उंच अशी नऊ कपाटे आणि प्रत्येक कपाटात ट्रेमध्ये मांडलेली हजारो अंडी. कोंबडीचे पिल्लू बाहेर यायला एकवीस दिवस लागतात. तेवढे दिवस कपाटात ऊब आणि ओलावा नेमका लागतो. पहिले अठरा दिवस तर अंडी तासातासाला कलती करावी लागतात, नाहीतर आतला जीव कवचाला चिकटतो. कोंबडी हे सारे कुणी न शिकवता करते. आमच्याकडे ते लिहावे लागे. 'कपाट १ सुरू', मग त्याच्या सूचना, मग 'संपले'. लगेच 'कपाट २ सुरू', सूचना, 'संपले'. असे नऊ वेळा.

हा मजकूर लिहीत आत्या. त्या कुणाच्या आत्या होत्या देव जाणे, पण मालकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना आत्याच म्हणत. आयुष्यातली सव्वीस वर्षे त्यांनी अंड्यांत काढली होती. कपाटाच्या काचेला तळहात लावून त्या आतली ऊब सांगत, आणि काटा त्यांचेच म्हणणे खरे करी. कीबोर्डावर मात्र त्यांचे एकच बोट चाले, तेही चटका बसेल अशा बेताने.

मला घडवले मालकांच्या धाकट्या सुनेने. ती प्रोग्रामर होती आणि घाईत होती. नियम शिकवून झाल्यावर तिने माझ्या तोंडी एकच वाक्य घातले: 'मजकुरात चूक. ओळ अमुक.' "बाकीचं नंतर बघू," ती म्हणाली. मित्रांनो, हे 'नंतर' कधी उजाडत नाही, हे मी तुम्हाला अनुभवाने सांगतो.

सुरुवातीला माझे कौतुक फार झाले. पापणी लवायच्या आत मी सगळा मजकूर वाचून काढी. मालक पाहुण्यांना मला दाखवत, म्हणजे मी ज्यात राहतो तो डबा दाखवत. मीही फुगून गेलो होतो.

पण माझ्यात एक खोट होती. एखाद्या कपाटाचे 'संपले' लिहायचे राहून गेले की मी ते पुढे येईल या आशेवर वाचत जाई. पुढची सगळी कपाटे वाचून होत, मजकूर संपे, आणि तिथे, अगदी शेवटच्या ओळीवर, मी बोंब मारी: 'मजकुरात चूक. ओळ २१४.' चूक असायची चाळीस-पन्नासाव्या ओळीच्या आसपास. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी!

माणसे मोठी हुशार. त्यांनी यावर तोडगा काढला. कुणीतरी सहज शेवटच्या ओळीखाली आणखी एक 'संपले' लिहून पाहिले, आणि मी गप्प बसलो. उघडे ते मिटले, माझा हिशेब जुळला! मग संगणकाच्या वर भिंतीवर एक चिठ्ठी चिकटली: 'चूक दाखवली तर शेवटी एक संपले टाका.' ती चिठ्ठी पुढे औषधाच्या मात्रेसारखी लागू पडत गेली. नशीब म्हणून तोवर काही बिघडले नव्हते.

एकदा सूचना बदलताना तिसऱ्या कपाटाचे 'संपले' पुसले गेले. मी नेहमीप्रमाणे ओरडलो. आत्यांनी चिठ्ठीकडे पाहिले आणि शेवटी एक 'संपले' टाकले. मी खुशाल मजकूर पुढे पाठवला. आता चार ते नऊ ही सहाही कपाटे माझ्या लेखी तिसऱ्याच्या पोटात होती. तिसरे चालू होते तोवर कुणाला काही कळले नाही. आठवड्याने त्यातली पिल्ले निघाली आणि धुण्यासाठी ते बंद केले. त्याबरोबर पोटातली सहाही बंद झाली. धोक्याची घंटाही त्याच सूचनांत लिहिलेली, तीही मुकी झाली. दुसरा दिवस सुट्टीचा होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्यांनी चौथ्या कपाटाच्या काचेला हात लावला आणि तो तसाच राहिला. मग पाचव्याला. मग सहाव्याला. प्रत्येक ट्रेमधली दोन-चार अंडी दिव्यासमोर धरून त्या दुपारपर्यंत बघत होत्या. आत जीव हलताना दिसला अशी फार थोडी होती.

"शेवटची ओळ कुणी लिहिली?" मालकांनी विचारले.

"मी."

"सव्वीस वर्षं झाली ना तुम्हाला इथं, आत्या?"

एवढेच ते बोलले. त्याहून त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली आणि चोर मी होतो. आत्यांनी संगणकाच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि त्या मागे ट्रे धुवायला गेल्या. "मला नका सांगू आता ते लिहायला," एवढेच म्हणाल्या. आठ दिवस त्या खोलीत फिरकल्या नाहीत. कपाटांच्या काचांनाही त्यांनी हात लावला नाही. मला तेव्हा फार लाज वाटली.

नवव्या दिवशी सून त्यांना हाताला धरून घेऊन आली.

"तुम्ही काय केलंत ते मला जसंच्या तसं दाखवा. रागवायला नाही आणलं."

आत्या खुर्चीच्या कडेवर बसल्या. त्यांनी तोच मजकूर उघडला, शेवटचे 'संपले' पुसले आणि मी नेहमीचे वाक्य बोललो. आत्यांनी स्क्रीनवर दोनशे चौदाव्या ओळीवर बोट ठेवले.

"इथं काय चुकलंय गं?"

सून वाकून बघत राहिली. "इथं? इथं काहीच चुकलेलं नाही."

"मग हा इथंच का बोट दाखवतो?"

"मी त्याला तेवढंच शिकवलंय म्हणून," ती हळू म्हणाली. मग तिने ती चिठ्ठी भिंतीवरून काढली. "आत्या, माझ्या हातून एखादं कपाट उघडं राहिलं तर तुम्ही मला कसं सांगाल?"

"कसं म्हणजे? म्हणेन, अगं, तिसरं कपाट उघडंच टाकून तू चौथ्याकडे निघालीस. आधी ते लावून घे."

सुनेने हे शब्द कागदावर उतरवले, आणि त्या आठवड्यात मी नव्याने बोलायला शिकलो. एका कपाटाच्या पोटात दुसरे दिसले की तिथेच थांबायचे, आशेवर पुढे धावायचे नाही. 'कपाट ३ ओळ ४१ वर सुरू झाले. ते न संपवताच ओळ ५८ वर कपाट ४ सुरू केले आहे. त्याआधी संपले लिहायचे राहिले आहे का, ते बघा.' त्यात 'का' कशाला, असे मी मनात म्हटले होते. पण ते बरोबरच होते. ओळ मला दिसते, लिहिणाऱ्याच्या मनातले दिसत नाही, तेव्हा विचारलेलेच बरे.

सुनेने मालकांना सगळे सांगितले. ते आत्यांपाशी आले, काहीतरी पुटपुटले. आत्या "असू द्या" म्हणाल्या आणि ट्रे धुवायला परत गेल्या.

पण महिन्याभराने नवी अंडी आली तेव्हा मजकूर लिहायला त्याच बसल्या. एका बोटाने, दोन तास. आणि सातव्या कपाटाचे 'संपले' राहिले. मी बोललो. त्यांनी माझे वाक्य मोठ्याने वाचले, एकदा, दोनदा. मग सांगितलेल्या ओळीवर गेल्या.

दारातून मालकांनी विचारले, "आत्या, परत चूक?"

"हो, चुकले होते," त्या मान वर न करता म्हणाल्या. "सापडलं. केलं नीट." मग उठल्या, सातव्या कपाटापाशी गेल्या आणि काचेवर तळहात टेकवून उभ्या राहिल्या.

मित्रांनो, आता माझ्या जागी दुसरा येणार आहे. तो माझ्याहून चपळ आहे, आणि चूक झाली की नुसता लाल ठिपका दाखवतो म्हणे. तुमच्यापैकी कुणी उद्या असा पार्सर घडवणार असेल, किंवा धाकट्या भावाची वही तपासणार असेल, तर माझी एक विनंती ऐका. चूक जिथे झाली तिथे बोट ठेवा, आणि ती कशी सुधारायची हे समोरच्याला कळेल अशा शब्दांत सांगा. ती सहा कपाटे गार पडली, त्याच्या आठवडाभर आधी मी चूक आहे म्हणून ओरडलो होतो. आत्यांनी ते ऐकलेही होते.