मरणाचा नियम

मास्तरांनी जुनं पुस्तक आणि नवं पुस्तक टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं, दोन्हींतलं पुलाचं चित्र उघडलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"ताई, ही दोन्ही तुम्हीच काढलीत ना?"

"दोन्ही मीच," ती म्हणाली.

"मग नव्यात असं काय झालं?"

खेळांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत दहाबारा जण खुर्च्या ओढून बसले होते. सगळे, मास्तर धरून, त्या पुस्तकातल्या खेळाचे वेडे. खेळ असा, की प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, त्याच्या तोंडून बोलायचं, फासे टाकायचे आणि सगळ्यांनी मिळून गोष्ट पुढे न्यायची. नियम तिच्या नवऱ्याने लिहिलेले, चित्रं तिची. नवी आवृत्ती बाजारात आली आणि लोकांनी दोघांना चांगलंच धारेवर धरलं. शेवटी प्रकाशकाने त्यांना इथे आणून बसवलं. दुसरी छपाई तोंडावर आली होती. लोकांचं ऐका, काय बदलायचं ते आजच्या आज ठरवा आणि मला मोकळं करा, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

तिला राग आला नाही. वाईटही वाटलं नाही. हल्ली असंच व्हायचं. कुणी काही बोललं की ते कानावर पडायचं आणि तिथेच थांबायचं. तिने चित्राकडे पाहिलं. पूल ओलांडणारे प्रवासी, उजेड छान पडलेला, तलवारी लखलखीत, दंड पिळदार. शोधूनही चुकीची रेघ सापडली नसती.

"चुकलेलं काहीच नाही हो," मास्तर म्हणाले. "जुन्यात मात्र हा बघा, कोपऱ्यात. बाकीचे जीव मुठीत धरून चाललेत आणि हा पठ्ठ्या चप्पल काढून खडा झटकतोय. तुमच्या प्रत्येक चित्रात असला एक नग असायचा. आम्ही आधी त्याला शोधायचो, राक्षसाला नंतर. कुठे गेला तो?"

हशा पिकला. तिनेही ओठ हलवले. शेजारी नवऱ्याने पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं आणि न पिताच पुन्हा लावलं.

तो नग म्हणजे तिचा धाकटा भाऊ. चित्रासाठी त्याला मुद्दाम उभं करावं लागत नसे, तो घरभर तसाच वावरायचा. खेळाचे पहिले डाव तिघांनी स्वयंपाकघरातच खेळले होते. मग साध्या तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. नवरा-बायकोने त्याची खोली आवरली, कपडे देऊन टाकले, आणि त्याचा विषय जो मिटला तो मिटलाच. आपण त्याचं नाव काढलं तर नवरा कोलमडेल, असं तिला वाटायचं. नवऱ्याला काय वाटायचं, देव जाणे. दोघं समोरासमोर बसून जेवायची आणि कागदाच्या जाडीबद्दल बोलायची. असंच चालू राहिलं तर एक दिवस तो कधी नव्हताच असं होऊन जाईल, याची तिला भीती होती. बाकी काही वाटायचं थांबलं होतं, ही भीती तेवढी शिल्लक होती.

"चित्रांचं राहू द्या," मागून एक बाई म्हणाल्या. त्या नर्स होत्या, ड्यूटी संपवून तशाच आल्या होत्या. "मरणाचा नियम का काढून टाकलात, ते सांगा."

नवरा उत्तर तयार करून आला होता. "लोक महिनोन् महिने एकच पात्र खेळतात. एक फासा उलटा पडला आणि ते मेलं, हे बरोबर नाही. आता ते बेशुद्ध पडतं आणि पुढच्या डावात उठतं. खेळ अडत नाही."

"अडायलाच हवा ना पण. पूर्वी कुणी मेलं की फासे खाली ठेवायचे. मेलेल्याबद्दल प्रत्येकाने एक वाक्य बोलायचं. स्तुती चालायची नाही, जसा होता तसा सांगायचा. मगच पुढचा डाव." बाईंचा आवाज चढला नव्हता. "आमच्या वॉर्डात माणूस गेला की चादर बदलतात आणि दुसरा येतो. मी इथे यायचे ती त्या एका वाक्यासाठी. तुम्हीच लिहिलंत आणि तुम्हीच खोडलंत."

"तो नियम माझा नव्हता," नवरा म्हणाला.

"मग कुणाचा?" मास्तरांनी विचारलं. "बोलवा की त्यांना. तुम्हा दोघांपेक्षा त्यांनाच जास्त कळतं म्हणायचं."

पुन्हा हशा. आता हा काहीतरी सांगून वेळ मारून नेणार, तिला वाटलं. इतके दिवस नेलीच होती.

"माझ्या मेहुण्याचा," तो म्हणाला. "तो वारला."

हसणं जागच्या जागी विरलं. आता अरेरे, फार वाईट झालं, वगैरे ऐकावं लागणार म्हणून तिने चेहरा तयार ठेवला. पण कुणी तसलं काही बोललं नाही. नर्सबाईंनी पर्समधून फासे काढून टेबलावर ठेवले. ही मंडळी फासे जवळ बाळगूनच असतात. मास्तरांनी ठेवले, मग एकेक करत सगळ्यांनी ठेवले, आणि तिच्या नवऱ्याकडे पाहत राहिले. वर्षानुवर्षं ते हेच करत आले होते. त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

पहिलं वाक्य आपलं, हे नवऱ्याच्या उशिराने लक्षात आलं.

"माझाच टॉवेल वापरायचा आणि वर मलाच विचारायचा, की दाजी, तुमचा टॉवेल ओला कसा?"

मास्तरांनी मान डोलावली. सगळे तिच्याकडे वळले.

"खोटं बोलायचा," ती म्हणाली, "पण तेही धड जमायचं नाही."

झालं, असं तिला वाटलं. पण तोंड मिटेना.

"लहान असताना बरणी फोडली आणि मांजरावर ढकललं. आमच्याकडे मांजर नव्हतं. आईने विचारलं, कुठलं मांजर, तर म्हणाला, आपण आणणार आहोत ते. मग आई—"

"ताई," मास्तर हळूच म्हणाले. नियमांच्या बाबतीत ते फार काटेकोर. "एकच वाक्य."

ती थांबली. नवऱ्याने आपली खुर्ची तिच्या बाजूला वळवली.

"नियम मी लिहितो, मास्तर," तो म्हणाला. "बोलू द्या तिला."