खाली उतरण्याचा धडा

“ताई, आता पडा की आजारी! गाडी चुकंल आमची,” श्रीशैल म्हणाला, आणि बाराही जण खिदळले.

नांदेडच्या एका कॉलेजातील तिसऱ्या मजल्यावरचा हा वर्ग. बाहेर मे महिन्याचे ऊन, फळ्यावर खडूने काढलेला बर्फाचा डोंगर. लातूर-नांदेडची ही पोरे हिमालयात वाटाडे म्हणून जात. हदगावच्या दवाखान्यातील परिचारिका लुंबिनी पाच दिवस त्यांना उंचावरच्या विरळ हवेने होणारी दुखणी शिकवीत होती. आज शेवटची परीक्षा, आणि रुग्ण ती स्वतः.

एक गोष्ट तिने त्यांना सांगितली नव्हती. सहा वर्षांपूर्वी तिच्या भावाने, प्रीतमने, हिमालयातल्या एका तळावरून फोन केला होता. डोके ठणकत होते, उलट्या होत होत्या. “पित्त झालं आसंल रे. झोप, सकाळी बरं वाटंल,” ती म्हणाली होती. घरीदारी सगळे हेच म्हणत. प्रीतम शहाण्यासारखा झोपला. तो पुन्हा उठला नाही.

लुंबिनी भिंतीला टेकून बसली.

“काय व्हायलंय, ताई?” श्रीशैलने विचारले.

“काही न्हाई रे. डोकं दुखायलंय. पित्त झालंय.”

“मग लिंबू-सोडा आणू का?” सिद्धेश्वर ओरडला. पुन्हा हशा.

श्रीशैल हसला नाही. तिचा तोल बघायला त्याने फरशीवर खडूने रेघ ओढली. “पावलाला पाऊल जोडून चाला.”

तिसऱ्या पावलाला तिने मुद्दाम तोल सोडला. “चक्कर हाय नुसती. झोपते आज. सकाळी बघू.” बोलता बोलता ती श्रीशैलच्या तोंडाकडे बघत राहिली. आता याने मान डोलावली तर?

“न्हाई,” श्रीशैल म्हणाला. “पित्त हाय का काय हाय, ते खाली गेल्यावर ठरवू. सिद्ध्या, दोर आण!”

“आरं, खरंच खाली?”

“मग काय खोटं?”

बघता बघता दोराची झोळी विणली गेली. “कोपरा सांभाळ!” “डोकं वर धर, येड्या!” अशा आरोळ्यांत, जिन्यामागून जिना, तिची वरात खाली उतरली. शिपाई तोंडाला हात लावून बघत राहिला. निंबाच्या सावलीत त्यांनी तिला अलगद ठेवले.

“उठा ताई,” धापा टाकत श्रीशैल म्हणाला. “पास का नापास?”

लुंबिनीने डोळे उघडले नाहीत.

“आणखी थोडं खाली न्या,” ती म्हणाली.

पोरे एकमेकांकडे बघून हसली. श्रीशैलने मात्र दोर पुन्हा खांद्यावर घेतला, आणि झोळी फाटकाकडच्या उताराला लागली.